खाऱ्या मातीची मडकी

धाकू कुंभाराच्या दोन्ही गोण्या भरून झाल्या होत्या. गाढवाच्या पाठीवर चढवायच्या तेवढ्या बाकी होत्या, तोच गणूशेट बांधावरून खाली उतरला आणि म्हणाला, "धाकू, ती माती परत वत."

धाकूला आधी वाटलं, शेट थट्टा करतोय. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. तळ्याचं पाणी मागं सरकलं की उघडी पडलेली काळी चिकण माती काढायची, हा त्याच्या घराचा आज्या-पणज्यापासूनचा शिरस्ता. कुंभारानं गावाला मडकी द्यायची, गावानं त्याला भात द्यायचा आणि माती तळ्याची घ्यायची. तळं गणूच्या वाडवडलांचं होतं हे खरं, पण माती कुणाची हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"तलं विटवाल्याला दिलंय," गणू म्हणाला. "तिकरं डोंबिवलीला चाली उठतान. तेला सगली माती पायजे. उद्या तो मना बोलंल, माजी माती कुंभार नेतंय, मंग?"

"दोन गोण्या तर हायत, शेट."

"आज दोन. वत."

धाकूची बायको तुळसा फावडं घेऊन बाजूला उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. धाकू मवाळ माणूस. गाढवाशी जेवढा बोलायचा तेवढा माणसांशी बोलायचा नाही. त्यानं एक गोणी उलटी केली, मग दुसरी. गोण्या झटकून दे असं काही गणू म्हणाला नव्हता. तरी धाकूनं त्या झटकल्या, चारचार वेळा झटकल्या, आणि घडी करून खांद्यावर टाकल्या. माती गेल्याचं तुळसाला तेवढं वाटलं नाही, ते झटकणं मात्र फार लागलं. गणूही काही ताठ मानेनं उभा नव्हता. तो तळ्यापलीकडच्या बगळ्यांकडं बघत होता.

घरी काळुराम ओट्यावर बसला होता. काळुराम म्हणजे धाकूचा बाप. पंच्याहत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही. गाढवाची पावलं ऐकूनच तो म्हणाला, "मास्तर रिकामा आला वाटतं." गाढवाचं नाव मास्तर होतं. ते मान तिरकी करून असं बघायचं, की आता प्रश्न विचारतं की काय.

धाकूनं झालं ते दोन वाक्यांत सांगितलं.

 म्हातारा म्हणाला, "गणूच्या बापाच्या लग्नाची मडकी मी केलती. गणूच्या लग्नाची मी केलती. मी काय तेच्या दारात जानार नाय. आनि तूबी जायचं नाय."

"मंग माती?" तुळसानं विचारलं.

"माती काय गणूच्याच तळ्यात हाय?" म्हातारा म्हणाला.

नव्हतीच. गावाच्या उत्तरेला खाडी होती. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला लांबलचक बांध, बांधापलीकडं तिवरांचं रान, अलीकडं खारी जमीन. तिथं भात धड पिकत नसे, म्हणून कुणी हक्कही सांगत नसे. लांब दिवा स्टेशनाकडं आगगाडी शिट्टी द्यायची, तेवढाच काय तो माणसाचा आवाज. दुसऱ्या दिवशी नवराबायको तिथं गेली. वरचा पांढुरका पापुद्रा खरवडला की खाली निळसर काळी माती लागत होती, लोण्यासारखी. हातात घेऊन तुळसानं वळी वळली, बोटाभोवती गुंडाळली. वळी तडकली नाही.

घरी आणल्यावर म्हाताऱ्यानं चिमूट जिभेवर ठेवली. "खारट हाय," तो म्हणाला, आणि थुंकला. पुन्हा एक चिमूट घेऊन बोटांत चोळत राहिला. "पन चिकट हाय. पोरी, ही माती उभी राहील."

पंधरा दिवस तिघांनी त्या मातीचं काम केलं. वाळवली, कुटली, चाळली. धाकूनं कल्याणच्या टांगा-अड्ड्यावरून घोड्याची लीद आणली, ती मिसळली. माती तुडवायचं काम तुळसाचं. ती पदर खोचून उभी राहायची आणि कडेनं आत, आतून कडेला अशी गोल गोल तुडवत जायची. तळ्याच्या मातीत पाय गार व्हायचे. या मातीत टाचेच्या भेगांमध्ये खार शिरायचा आणि पाय तव्यावर ठेवल्यासारखा व्हायचा. संध्याकाळी ती टाचांना खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा तुडवायला उभी राहायची.

धाकू चाकावर जाड बुडाचं लहान मडकं काढून द्यायचा. ते थोडं आवळलं की तुळसा मांडीवर घ्यायची. आतून दगडाचा गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकायचं. ठोकता ठोकता मडकं फुगायचं, पातळ व्हायचं, घागरीएवढं व्हायचं. चाकाला बाईनं हात लावायचा नाही अशी रीत होती, पण मडक्याला मोठेपण बाईच आणायची. मग वाळवण. तिथं खाडीच्या वाऱ्यानं त्रास दिला. काठ आणि खांदे आधी सुकून तडकायला लागले, म्हणून तुळसानं कुंपणातल्या भेंडीच्या झाडाची ओली पानं आणून मडक्यांच्या खांद्यांवर थापली. निम्मी उडून गेली, काही राहिली.

मडकी भाजायचा आवा रचला, गोवऱ्या आणि पेंढा भरला, वरून राखमातीचा लेप दिला. एका दुपारी पेटवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला.

म्हातारा आव्याजवळ पाट टाकून बसला होता. धाकू एकेक मडकं त्याच्या पुढ्यात ठेवत होता आणि म्हातारा मधल्या बोटाच्या पेरानं ठोकून ऐकत होता. "पक्कं," तो म्हणे. "हेबी पक्कं. घंटा हाय घंटा. पोरांनो, तळ्याच्या मातीला असा आवाज मी जन्मात आयकला नाय."

धाकू आणि तुळसा एकमेकांकडं बघत होती. मडकी लाल झालीच नव्हती. म्हणजे लाल होती, पण वरून पांढरा थर. कुठं पुटकुळ्यांसारखा, कुठं ताक वाळल्यासारखा, कुठं नुसते डाग. वाऱ्याच्या आणि उन्हाच्या बाजूला जास्त, सावलीच्या बाजूला कमी. मातीतला खार पाण्याबरोबर वर येऊन कातडीवर बसला होता आणि आव्यानं तो पक्का करून टाकला होता.

तुळसा बोलायला गेली, तर धाकूनं मान हलवली. म्हातारा इतक्या खुषीत होता, की त्याला सांगवलं नाही.

गुरुवारी धाकू मडकी घेऊन डोंबिवलीच्या बाजारात गेला. तिथं नव्या चाळींत मुंबईहून आलेली पुष्कळ बिऱ्हाडं होती, नळाला पाणी धड नसायचं, माठ-घागरींना गिऱ्हाईक तुटत नसे. एक चष्मेवाली बाई आली, तिनं घागर उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

"अहो, हिला काय झालंय?" तिनं विचारलं. "कोड फुटल्यासारखं दिसतंय."

"खार हाय बाई तो," धाकू म्हणाला. "मातीचा खार. पहिले दोन दिवस पानी खारट लागंल, मंग नाय. उलट पानी जास्ती गार ऱ्हातं."

"असेल हो. तुम्ही खोटं कशाला सांगाल? पण पाहुणे आले, माठाकडं नजर गेली, तर बरं दिसत नाही ना."

ती एवढं चांगलं बोलली, म्हणून धाकूनं घागर नुसती मागं सरकवली. तिच्यामागून आलेल्यांनी तेवढंही विचारलं नाही. शेजारच्या कल्हईवाल्यानं धाकूला मडकी जरा लांब सरकवायला सांगितली. संध्याकाळी धाकू जेवढी नेली होती तेवढी मडकी घेऊन परत आला आणि वाटभर मास्तरशीही बोलला नाही.

गावातही बातमी पसरली. विहिरीवर बायका तुळसाला जागा देत, पण तिच्या घागरीकडं बघत. "कुंभाराचे मडक्यांना कोड आलाय," असं पोरंसुद्धा म्हणायला लागली. आणि मग विहिरीवरच तिला कळलं, की गणूशेटच्या शालूचं लग्न ठरलंय. माघात आहे, मुलगा ठाण्याच्या कोपरीचा, आणि लग्नाची मडकी यंदा कल्याणहून आणणार आहेत.

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. बाजारात घागर न खपणं वेगळं. लग्नाची मडकी गावच्या कुंभाराकडून येतात. ती वाजतगाजत न्यायला बायका त्याच्या दारात येतात, त्याच्या चाकाला हळदकुंकू लावतात, त्या दिवशी कुंभार-कुंभारणीला मान असतो. तो मान गेला तर पुढच्या लग्नालाही कल्याण, त्याच्या पुढच्यालाही कल्याण.

घरी येऊन तिनं परड्यात मांडलेली मडकी एकेक करून घासायला घेतली. राख घेतली, काथ्या घेतला. मनगटं दुखायला लागली, पण पांढरं हलेना. सात-आठ मडकी झाल्यावर तिनं एक घागर उलटी फिरवली आणि हात थांबला.

घागरीच्या खांद्यावर भेंडीचं पान होतं. म्हणजे पान नव्हतं. ते आव्यात जळून गेलं होतं. पण ते जिथं चिकटलेलं होतं, तिथं एक डाग पडला नव्हता. पांढऱ्यावर लालभडक बदामाच्या आकाराचं पान, देठासकट, टोकासकट, काठाला थोडं मुरडलेलं.

तुळसा उकिडवी बसून बघत राहिली. मग तिनं घागर उन्हात नेली, तिथं बघितली. मग ती हसायलाच लागली, एकटीच.

"काय झालं?" धाकूनं आतून विचारलं.

"अवो, हितं या. पानाखाली खार येत नाय."

धाकू आला. त्यानं बघितलं. "बरं मग?" तो म्हणाला. "सगळ्या घागरीला काय पानांचं धडूतं नेसवनार हायस?"

"सगळ्या नाय. जिथं पायजे तिथं."

"कुंभाराचं काम मडकं करायचं. पाला चिकटवायचा नाय," असं म्हणून तो परत आत गेला. बाजारातला गुरुवार त्याच्या अंगातून अजून उतरला नव्हता.

तुळसानं त्याची वाट बघितली नाही. उरलेल्या मातीची लहान मडकी तिनं त्याच्याकडून काढून घेतली, तेवढं काही त्यानं नाकारलं नाही, आणि ती पानांच्या मागं लागली. इतकी वर्षं ती या रानातून लाकूडफाटा आणत होती. पानांकडं तिनं कधी पान म्हणून बघितलं नव्हतं. पान म्हणजे पत्रावळ, नाहीतर सरपण, नाहीतर बकरीचा चारा. आता ती एकेक तोडून तळहातावर ठेवून बघायला लागली. आपट्याचं पान दोन खुरांसारखं. उंबराचं लांबट, खाली शिरा अशा उठलेल्या, की बोटाला मोजता याव्यात. पिंपळाचं शेपटीवालं. गुंजेच्या वेलाला कंगव्यासारखी ओळ. बांधापलीकडच्या तिवराचं पान वरून हिरवं, खालून रुपेरी, आणि चाटलं तर खारट. पाटी भरून ती घरी आली आणि पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात मास्तरनं निम्मी पाटी खाऊन टाकली. तुळसानं त्याला फोकानं दोन दिले आणि पुन्हा रानात गेली. तेव्हाही तिला हसूच येत होतं.

सगळं काही पहिल्या फटक्यात जमलं नाही. चिंचेची पानं हातात घेईपर्यंत मिटून गेली. रुईचं पान जाड, त्याच्या कडा उचलल्या गेल्या आणि खार आत शिरला. मडकं फार ओलं असलं तर पान घसरायचं, सुकलं असलं तर बसायचं नाही. शेवटची थापटणी झाल्याबरोबर, माती गालासारखी लागते तेव्हाच बसवायचं, हे तिला चौथ्या मडक्याला कळलं. पेजेचं पाणी लावून चिकटवायचं, वर फडकं धरून थापटण्यानं हलकेच दाबायचं, म्हणजे शिरासुद्धा मातीत उतरतात, हे सहाव्या मडक्याला. आणि मडकी सावलीत नाही, वाऱ्यात उन्हात ठेवायची, म्हणजे पांढरं डागांनी न येता सारखं येतं. यावर मात्र धाकू बोललाच.

"तडकतील."

"थोडी तडकतील."

"बाप आयकंल तर म्हनंल, कुंभाराची सून उन्हात मडकी ठेवते."

"मंग सांगू नका."

तीन तडकली, बाकीची राहिली. धाकू दुसऱ्या दिवशी लीद आणायला कल्याणला गेला. परतीला तो मानपाड्यावरून लांबच्या वाटेनं आला. अंगणात येऊन त्यानं मुंडासं सोडलं. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला हंसराजाचा झुपका होता, विहिरीच्या भिंतीत उगवणारा, काळ्या दोऱ्यासारखे देठ आणि नखाएवढी पानं. त्याची कोपरं खरचटलेली होती आणि धोतराला शेवाळ लागलं होतं.

"विहिरीत उतरला व्हता?" तुळसानं विचारलं.

"आर्धाच," धाकू म्हणाला. "हे नाजूक हाय. जमंल का बग."

तुळसानं आधी त्याच्या कोपरांना हळद लावली. हंसराज तिनं सगळ्यात चांगल्या मडक्यासाठी ठेवला.

दुसरा आवा लहान होता. उघडताना धाकूचाच हात घाईत होता. राख फुंकर मारून उडवली, आणि पहिलंच मडकं आपट्याचं निघालं. चुना लावल्यासारखं पांढरंशुभ्र अंग आणि त्यावर गळ्याभोवती लाल आपट्याची माळ. मग गुंजेचं, मग उंबराचं. हंसराजाचं मडकं त्यानं दोन्ही हातांनी काढलं. नखाएवढ्या पानांची सगळी फांदी लाल उमटली होती, दोऱ्याएवढ्या देठासकट. धाकू ते घेऊन अंगणभर हिंडला. ठेवायला जागाच सापडेना त्याला.

"आरं, आवाज द्या ना," म्हातारा पाटावरून म्हणाला. "का फुटली?"

तुळसा त्याच्याजवळ गेली. उंबराचं मडकं त्याच्या मांडीत ठेवलं, आणि म्हातारा ठोकायला बोट उचलतोय तोच तिनं त्याचं बोट धरून मडक्याच्या पोटावर टेकवलं. "मामंजी, हितं बगा."

म्हाताऱ्याचं बोट थबकलं. मग चालायला लागलं. मधल्या शिरेवरून वर गेलं, आडव्या शिरांवरून खाली आलं. "उंबर," तो म्हणाला. "उंबराचं पान हाय. मडक्यावर कसं आलं?"

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. पांढऱ्या थराचं, बाजारातल्या गुरुवाराचं, विहिरीवरचं, कोपरीच्या लग्नाचं आणि कल्याणच्या मडक्यांचं. म्हाताऱ्यानं मडकं मांडीत धरून सगळं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला.

"म्हंजे महिनाभर मी घंटा घंटा करीत बसलो," तो म्हणाला, "आनि तुमी मला हसत व्हता."

"हसत नव्हतो," धाकू म्हणाला. "तुमी खुषीत व्हता, म्हनून सांगवलं नाय."

"आंधळा झालो म्हंजे काय पोर झालो?"

 म्हाताऱ्यानं नाक पुसलं. थोड्या वेळानं त्याचं बोट आपोआप पुन्हा मडक्यावर फिरायला लागलं. "हिकडं शीर बुजलीय," तो म्हणाला. "दाब कमी पडला. दुसरं आन बगू." तुळसानं दुसरं दिलं. "आपटा." तिसरं. "गुंज. हेला देठाकडं पेज जास्ती झालीय." अंधार पडेपर्यंत त्यानं सगळी मडकी वाचून काढली, चुका काढल्या, आणि मडकी उन्हात वाळवली का असंही विचारलं. तुळसा हो म्हणाली. "बरं केलं," तो म्हणाला. धाकू चूल पेटवायला आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसानं चांगलं लुगडं नेसलं, पाटीत चार मडकी भाताच्या पेंढ्यात बसवली आणि कुणाला न विचारता गणूशेटच्या घरी गेली. म्हाताऱ्यानं जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पण ते धाकूला सांगितलं होतं.

गणूची आई बायजा अंगणात कण्या पाखडत होती. घरात सत्ता तिची. नाकात मोठी नथ, आवाज भरतीच्या पाण्यासारखा. तिनं तुळसाला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"ये गो तुळसा. मना वाटलं, तुमी आमचे घराचा रस्ता इसरलांव."

"रस्ता कशाला इसरू, बायजाबाय? मडकी दाखवायला आले."

"आयकलंय मी तुमचे मडक्यांचं," बायजा म्हणाली. "माजे नातीचे लग्नान कोडाची मडकी मांडू? कोपरीची मानसा काय बोलतील?"

 तुळसानं पाटी उतरवली, पेंढा बाजूला केला आणि चारही मडकी ओळीनं मांडली. आंबा, उंबर, पिंपळ आणि चौथं हंसराजाचं.

बायजा उठून जवळ आली, खाली बसली. तिनं बोट ओलं करून पांढऱ्यावर घासलं. बोटाला काही लागलं नाही.

"रंग कनचा लावलास?"

"रंग नाय. मातीतलाच खार वर येतो, आनि पानाखाली येत नाय. पान आव्यात जळून जातं, मागं हे ऱ्हातं."

"आमी लग्नाचे मडक्यांना चुना लावतो, वरशी पानं काढतो," बायजा सावकाश म्हणाली. "आठ दिसांत चुना झरतो. यो झरनार नाय?"

"मडकं फुटंल, पन हे जानार नाय."

"आनि लग्नान उंबर लागतो, आंबा लागतो," बायजा स्वतःशीच बोलली. "तो यांचेवं आलाच हाय." तिनं हंसराजाचं मडकं उचलून मांडीत घेतलं. मग एकदम मान वर करून विचारलं, "पन खाराची माती आनलांव कशाला? आमचं तलं काय आटलं?"

 ओसरीत गणू दाढी करत बसला होता. त्याचा वस्तरा थांबलेला तुळसाला दिसला.

"तळ्याची माती मिळाली नाय," ती म्हणाली. "भरलेल्या गोण्या वतायला लागल्या."

"कोन बोलला?"

नाव सांगायची तुळसाला गरजच पडली नाही. बायजानं ओसरीकडं पाहिलं. गणूच्या अर्ध्या गालावर साबण होता.

"गण्या," ती म्हणाली, आवाज न चढवता. "तुझे बापाचे लग्नाची मडकी कोनी केली? तुझे लग्नाची कोनी केली? आनि तू कुंभाराला तल्यावरशी हाकललास?"

"आये, विटवाल्याला सगलं तलं बोललू मी."

"मंग आता तेला सांग, कुंभाराची कड सोडून. आनि तोंड धू आधी."

गणू तोंड धुऊन आला. तुळसासमोर उभा राहिला, पण तिच्याकडं न बघता मडक्यांकडं बघत राहिला. "धाकूला सांग," तो म्हणाला, "सकालशी येऊन माती ने. माजा गडी भरून देईल."

"सांगते," तुळसा म्हणाली. "पन शेट, लग्नाची मडकी त्या मातीची व्हायची नाईत. तिच्यात खार नाय. तिची मडकी लालच ऱ्हातील."

गणू डोकं खाजवत राहिला. बायजा खदखदून हसली. "मंग खारान गारी घाल," तिनं मुलाला सांगितलं. "दोन फेऱ्या खाडीवरशी मार. घरचं लगीन हाय, बैल काय करतान बसून?"

त्या आठवड्यात गणूशेटच्या बैलगाडीनं खाडीची माती कुंभाराच्या दारात पडली. गणू स्वतः गाडीबरोबर आला होता. काळुरामानं त्याला ओट्यावर बसायला सांगितलं, विडीही दिली. दोघं विटांच्या भावाबद्दल बोलले, गोण्यांचा विषय कुणी काढला नाही. बाजारासाठीची लाल मडकी आता तळ्याच्या मातीची व्हायला लागली. लग्नाची खाऱ्या मातीची. पौष सगळा याच कामात गेला. बायजानं स्वतः सांगून पाठवलं, की कुठल्या मडक्यावर कुठलं पान पाहिजे, आणि दर दोन दिवसांनी ती निरोप बदलायची. गावातल्या पोरी पानं आणून द्यायला लागल्या. धाकू मडकी काढता काढता म्हणायचा, हा काठ थोडा उभा ठेवतो, वेल नीट बसंल. म्हातारा पाटावर बसून एकेक मडकं बोटांनी तपासायचा, आणि नापास झालेलं पान तुळसाला ओल्या हातानं पुसून पुन्हा बसवायला लागायचं.

माघातल्या लग्नाच्या आदल्या सकाळी बायका वाजतगाजत कुंभाराच्या दारात आल्या. त्यांनी चाकाला हळदकुंकू वाहिलं, धाकूला धोतर दिलं, तुळसाला हिरवं लुगडं आणि ओटी. मडकी डोक्यावर घेऊन बायकांची रांग गावातून निघाली तेव्हा उन्हं नुकती वर आली होती. पांढऱ्या मडक्यांवरची लाल पानं लांबूनसुद्धा दिसत होती.

लग्नाच्या दिवशी मांडवात चार कोपऱ्यांना त्या मडक्यांच्या उतरंडी रचल्या. कोपरीची माणसं आली. नवऱ्या मुलाची आई मानापानाचं सोडून आधी उतरंडींपाशी गेली आणि तिनं बायजाला विचारलं, ही कल्याणची का. बायजानं तिला असं उत्तर दिलं, की मांडवभर ऐकू गेलं. तुळसा मागच्या बाजूला, भांडी घासणाऱ्या बायकांच्या जवळ नव्या लुगड्यात उभी होती. पुढं यायला तिला तीनदा सांगून झालं होतं.

मग धवले सुरू झाले. गावात लग्न लावायचं ते धवलारणीनं, तिच्या गाण्यानं. म्हातारी धवलारीण पाटावर बसून डोळे मिटून गात होती, एकेक विधीचं, एकेक देवाचं, आणि मांडवात ज्यांनी ज्यांनी काही आणलं त्यांचं नाव घेत होती. माळ्यानं फुलं आणली, ती गाण्यात आली. सोनारानं डोरलं घडवलं, ते आलं. कुंभाराची पाळी आली की दर लग्नात एकच ओळ यायची, कुंभारदादानं घट घडविला, आणि गाणं पुढं जायचं. यंदाही ती ओळ आली. धाकू मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होता.

पण म्हातारी पुढं गेली नाही. तिनं दम घेतला, डोळे उघडून उतरंडीकडं पाहिलं आणि नवी ओळ जोडली. कुंभाराच्या तुळसाबायनं रानं धुंडिली गो, रानं धुंडिली, उंबर-आंब्याची पानं घटावर मांडिली. मागच्या बायकांनी ती उचलली आणि दोनदा म्हटली.

तुळसाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं शेजारणीकडं पाहिलं. शेजारीण गात होती.

धाकू माणसांतून वाट काढत मागं आला आणि तिच्या बाजूला उभा राहिला.

"आयकलंस?" त्यानं विचारलं. "तुजं नाव हाय."

"दुसरी कोन तुळसा आसंल."

"कुंभाराची कुठली दुसरी?"

तुळसानं पदर तोंडावर घेतला. पुढं बायकांनी तीच ओळ तिसऱ्यांदा उचलली होती, आणि ओसरीवर बसलेला काळुराम, ज्याला गाता येत नव्हतं, तो त्यांच्यापेक्षा मोठ्यानं गात होता.